जादूची अळी नीट कशी चालवायची

जत्रेत नाहीतर स्टेशनबाहेर फुटपाथवर मिळणारी ती केसाळ, रंगीत, दोन डोळेवाली खेळण्यातली अळी माहितीये ना, विकणाऱ्याच्या हातावर अशी सळसळते की वाटतं आत सेल आहे, आणि घरी आणली की पाकिटातून काढल्यावर मेल्यासारखी पडून राहते. मग पोरगं रडतं आणि मोठे म्हणतात फसवलं. फसवलेलं नसतं हो, तिच्या नाकाला एक केसासारखा बारीक पारदर्शक दोरा असतो तो बहुतेकांना दिसतच नाही, किंवा दिसला की तोडून टाकतात कारण वाटतं पॅकिंगचाच आहे. तर पहिलं काम, पाकीट उघडताना घाई करू नका, नाकाजवळ बोट फिरवून दोरा शोधा आणि त्याचं दुसरं टोक सापडेपर्यंत अळी उचलू नका, गुंता झाला की तो सोडवणं म्हणजे डोळ्यांची वाट.

आता दोऱ्याचं दुसरं टोक अंगाला अडकवायचं. शर्टाचं वरून दुसरं-तिसरं बटण सगळ्यात बेस्ट. टीशर्ट असेल तर आतल्या बाजूने छोटी सेफ्टी पिन लावा, साडी किंवा ओढणी असेल तर पदराच्या पिनेलाच बांधता येतं आणि कोणाला शंकाही येत नाही. काहीजण मेणाने कानामागे चिकटवतात पण मग मान हलवली की अळी पण हलते, सुरुवातीला नकोच ते. लांबीचं सांगायचं तर हात आरामात पुढे केल्यावर दोरा नुकताच ताणला जावा इतका ठेवा, फार लांब असेल तर झोळ पडतो आणि आखूड असेल तर तुम्ही पुढे वाकून उभे राहता, ते बघूनच लोक ओळखतात काहीतरी बांधलंय.

आणि आता खरी गोष्ट. अळी ओढायची नाही. अळी आहे तिथेच राहते, हात हलतो. हे डोक्यात बसलं की ऐंशी टक्के काम झालं. नवीन माणूस काय करतो, दुसऱ्या हाताने दोरा चिमटीत धरून ओढतो, आणि मग ती चिमूट सगळ्यांना दिसते. त्याऐवजी अळी डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर ठेवा, तिचं तोंड तुमच्याकडे, हात कोपरात वाकवून छातीसमोर, दोरा नुकताच ताणला जाईल इतक्या अंतरावर. आता हात सावकाश पुढे न्या, म्हणजे अंगापासून लांब. दोरा तिला धरून ठेवतो, हात खालून सरकत जातो आणि बघणाऱ्याला वाटतं की अळी बोटांवरून मनगटाकडे चालत आली. हात थांबला की अळी थांबते. थोडं पुढे, थोडं थांबा, परत थोडं, एकसारखा स्पीड ठेवला तर मशीन वाटते, अडखळत चालली की जिवंत वाटते.

हे जमलं की एका हातावरून दुसऱ्या हातावर. इथे एकच नियम लक्षात ठेवा, जिथून आधी दोरा गेलाय तिथूनच मागून अळी जाणार. म्हणजे उजव्या हाताच्या दोन बोटांच्या फटीतून दोरा आधीच गेलेला पाहिजे, मग दोन्ही हात एकत्र पुढे न्यायचे, दोरा त्या बोटांवरून सरकतो आणि अळी डाव्या हातावरून उठून उजव्या हाताकडे येते, फटीतून डोकं बाहेर काढते, मग शेपटी हळूच आत जाते. दोन-तीन बोटांतून वरखाली असा दोरा गुंफला तर ती त्याच वाटेने नागमोडी जाते, बघायला एकदम भारी. मूठ बंद करून अंगठ्याच्या बाजूने डोकं बाहेर काढणं तर याहून सोपं, फक्त मूठ पुढे न्यायची.

माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे ग्लास. काचेचा घेऊ नका, घरातला स्टीलचा पेला घ्या कारण आतलं दिसत नाही आणि कड गोल असते, दोरा कापत नाही. अळीला शेपटीकडून आत सोडा, दोरा तुमच्या बाजूच्या कडेवरून बाहेर. मग पेल्यावर टकटक करा, हाक मारा, दोन सेकंद काहीच होऊ देऊ नका, आणि पेला अगदी हळू पुढे न्या. आधी डोळे कडेवर येतात, तिथे थांबवा, तिच्याकडे बघून विचारा काय गं कुठे निघालीस, मग पूर्ण बाहेर येऊ द्या आणि मोकळ्या हातावर झेला. झेलायला विसरलात तर ती हवेत लटकते आणि लटकलेली अळी म्हणजे खेळ खलास, दोरा आहे हे कोणीही सांगेल.

तुम्ही जिकडे बघाल तिकडे लोक बघतात, म्हणून नजर कायम अळीवर, चुकूनसुद्धा बटणाकडे नाही. चार-पाच फूट अंतर ठेवा. डोक्याशेजारी बल्ब किंवा थेट ऊन नको, नायलॉन लगेच चमकतं. प्लेन पांढऱ्या शर्टापेक्षा चेक्स किंवा बारीक प्रिंटचा शर्ट बरा, त्यात दोरा हरवून जातो. मुंबईच्या दमट हवेत तळहाताला घाम येतो आणि अळीचे केस चिकटतात, मग ती चालत नाही, घसटते, त्यामुळे आधी रुमालाने हात कोरडे करा, थोडी पावडर लावली तरी चालेल.

एक मिनिट दाखवा आणि बस. पोरं म्हणणारच माझ्या हातावर दे, तेव्हा दमली ती, झोपली असं म्हणून खिशात टाका. दुसऱ्यांदा लगेच तोच प्रकार केला तर एखादा आगाऊ भाचा बरोबर मधून हात फिरवून बघतो 😄

दोरा तुटणारच, कधी ना कधी. मासे पकडायची तंगूस वापरू नका, जाड असते आणि चमकते. शिवणकामाच्या दुकानात सगळ्यात बारीक पारदर्शक नायलॉन दोरा मागा, नाहीतर घरात कोणाचा लांबसडक केस असेल तर तोही चालतो, जुने जादूगार केसच वापरायचे. नाकाशी गाठ मारून फेविक्विकचा बारीक थेंब, जास्त लावला तर अळीचे केस कडक होतात. खेळ झाला की दोरा एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवा. आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात एकटी देऊ नका, डोळे निघून तोंडात जाऊ शकतात आणि दोरा बोटाला किंवा गळ्याला गुंडाळला गेला तर काचतो, दिसत नसल्यामुळे पटकन लक्षातही येत नाही.