न्यूजलेटरचे वाचक एकेक करून कसे जोडायचे

ऑक्टोबर लागला की मुंबईत दिवेलागणीला एक जड, गोडसर वास सुटतो. स्टेशनवरून घरी येताना, सोसायटीच्या फाटकाशी, कधी बंद खिडकीच्या फटीतूनही तो येतो. कुणाला आवडतो, कुणाचं डोकं धरतं, पण वास कशाचा हे बहुतेकांना ठाऊक नसतं. २०२२च्या ऑक्टोबरात मी माझ्या आठवड्याच्या ईमेल-पत्राच्या वाचकांना लिहिलं की ही सातवीण फुललीय. झाड ओळखायचं कसं (फांदीवर एकाच जागी गोल लागलेली पानं मोजा, बहुतेकदा सात भरतात), आणि या लाकडाच्या पूर्वी मुलांच्या पाट्या होत म्हणून शास्त्रीय नावात ‘स्कोलारिस’ कसं आलं, एवढंच त्या पत्रात होतं.

तेव्हा माझे वाचक होते ६४. पुढच्या दहा दिवसांत आणखी ४१ आले. जाहिरात मी केली नव्हती. त्या ६४ जणांपैकी बऱ्याच जणांच्या घरात नाहीतर ऑफिसात कोणीतरी कधीतरी विचारलेलं होतं, “अगं, हा वास कसला येतोय?” त्यांनी ते पत्र नेमकं त्या माणसाला पाठवलं.

मी लालबागच्या एका पतपेढीत नोकरी करते, राहते मुलुंडला. मुंबईतल्या झाडांवर दर शनिवारी सकाळी सात वाजता मराठीतून एक ईमेल पाठवते. आज १,८७० जणांकडे ते जातं. अनेक जण विचारतात की हे कसं जमवलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझ्या अनुभवात नवा वाचक जुन्या वाचकाच्या हातून येतो. त्यामुळे पत्र लिहायला बसले की मी आधी एकच ठरवते: हे वाचून माझ्या वाचकाला कोण आठवलं पाहिजे? गावी वाडी असलेले काका? बाल्कनीत कढीपत्ता जगत नाही म्हणून कुरकुरणारी वहिनी? कोणीच डोळ्यांसमोर येत नसेल, तर मी विषय बदलते.

विषय जेवढा नेमका, तेवढं बरं. ‘निसर्ग’ म्हटलं की कुणाला काही आठवत नाही, ‘मुंबईतली झाडं’ म्हटलं की प्रत्येकाला आपल्या गल्लीतलं एक झाड आठवतं. विषय नेमका घेतला तर तो लवकर संपेल, ही भीती मलाही होती. महापालिकेच्या गणनेत शहरात जवळपास ३० लाख झाडं आहेत, आणि मी अजून शंभरांबद्दलही लिहिलेलं नाही. शिवाय झाडांचं स्वतःचं कॅलेंडर असतं. फेब्रुवारीत काटेसावर, चैत्र-वैशाखात बहावा आणि ताम्हण, मेमध्ये गुलमोहर, पावसाआधी फांद्यांची छाटणी, ऑक्टोबरात सातवीण. तुमच्या विषयालाही असं काही असेल. मासळीवर लिहिणाऱ्याला १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी आहे, मग नारळी पौर्णिमा आहे. हिशेबावर लिहिणाऱ्याला ३१ मार्च आहे. हे आधी वहीत मांडून ठेवा. लोक ज्या आठवड्यात जे बघत असतात, हुंगत असतात, ज्याची चिंता करत असतात, त्याच आठवड्यात त्यावरचं पत्र आलं तर ते पुढे जातं. सातविणीचं पत्र मी मार्चमध्ये पाठवलं असतं तर वाचून लोकांनी मिटून ठेवलं असतं.

वार आणि वेळ ठरवा आणि मग मोडू नका. आठवड्याला जमत नसेल तर पंधरवड्याला करा, पण गणपतीतही जमेल असंच वेळापत्रक घ्या. सुरू करण्याआधी मी पाच पत्रं पूर्ण लिहून ठेवली होती. आजही कोणत्याही मोसमात चालतील अशी दोन पत्रं बेगमीला असतात. घरात आजारपण आलं, मार्चअखेरीला पतपेढीत रात्रीचे नऊ वाजले, की त्यांतलं एक जातं. माझं लिखाण होतं लोकलमध्ये, मुलुंड ते करी रोड, बसायला मिळालं तर. नाही मिळालं तर उभ्यानं नुसते मुद्दे फोनवर बोलून ठेवते.

आता पहिले वीस वाचक. इथेच बहुतेक जण दमतात, कारण लिंक ग्रुपवर टाकतात आणि वाट बघत बसतात. मीही आमच्या सोसायटीच्या १८० जणांच्या ग्रुपवर टाकली होती. अंगठे बरेच आले, नाव नोंदवलं तिघांनी. मग मी पंचवीस जणांची यादी केली आणि प्रत्येकाला वेगळा निरोप लिहिला. जाऊबाईंना लिहिलं, “तुमच्या माहेरच्या अंगणातल्या बकुळीबद्दल तुम्ही सांगत होतात, म्हणून तुमची आठवण झाली. दर शनिवारी झाडांवर थोडं लिहिणार आहे, पाठवू का?” पंचवीसपैकी एकोणीस जण हो म्हणाले. यातला ‘पाठवू का’ फार महत्त्वाचा आहे.

तो प्रश्न न विचारल्याचा फटका मी खाल्लाय. पहिल्याच वर्षी एका पुष्पप्रदर्शनातल्या स्टॉलवरच्या भेटवहीतले १४० पत्ते मला मिळाले. झाडांची आवड असलेली माणसं, त्यांना आनंदच होईल, असं समजून मी ते सगळे यादीत घातले. त्यांतल्या काहींनी पत्र आल्याआल्या ‘स्पॅम’चं बटण दाबलं, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. पुढचे दोन शनिवार माझ्या जुन्या वाचकांचे फोन आले: “अगं, पत्र आलं नाही.” आलं होतं, स्पॅममध्ये पडलं होतं. स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असं जीमेल पाठवणाऱ्यांना सांगतं. म्हणजे ३०० पत्रांमागे एक तक्रार आली तरी तुम्ही रेघ ओलांडली. ते १४० पत्ते मी काढून टाकले, त्या लोकांची माफी मागितली, आणि गाडी रुळावर यायला दोन महिने गेले. त्याशिवाय, कोणाचा पत्ता ज्या कामासाठी घेतला त्यापलीकडे वापरायचा तर त्याची संमती घ्यायची, हे आता २०२३च्या विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्याचंही सूत्र आहे.

आता मी पत्ते घेते ते असे. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही काही जण झाडं बघायला जातो, कधी भायखळ्याच्या राणीच्या बागेत, कधी माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सला. आधी मी कागद फिरवायची. पण हस्ताक्षरातला ईमेल वाचणं म्हणजे दिव्य, एल की एक, शून्य की ओ, काही कळत नाही. चार पत्त्यांतला एक परत यायचा. आता मी सांगते, “ज्यांना पत्र हवंय त्यांनी इथेच उभं राहून मला ‘हो’ एवढी मेल करा.” पत्ता बिनचूक मिळतो, संमती लेखी मिळते, आणि आधी मेल त्यांनी केलेली असल्यामुळे माझं उत्तर सहसा स्पॅममध्ये जात नाही.

आलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी स्वागताचं छोटं पत्र जातं. त्यात एक प्रश्न असतो: तुमच्या खिडकीतून कोणतं झाड दिसतं? नाव माहीत नसेल तर फोटो पाठवा. निम्म्याहून अधिक लोक उत्तर देतात. एकदा उत्तर दिलं की जीमेलला कळतं की ही दोघं एकमेकांना ओळखतात, आणि पुढची पत्रं समोर दिसायची शक्यता वाढते. पण माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट ही की माझे निम्मे विषय या उत्तरांतून आलेत. मी प्रत्येकाला दोन ओळी का होईना, स्वतः लिहिते.

मराठी वाचकांबाबत आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे पन्नाशी-साठीच्या पुष्कळ माणसांचा ईमेल असतो, कारण फोन घेताना दुकानदारानं काढून दिलेला असतो. पण ते तो उघडत नाहीत. त्यांचं सगळं जग व्हॉट्सॲपवर. अशांना मी फोन करून, लागलं तर शेजारी बसून दाखवते: हे जीमेल, हा ‘प्रमोशन्स’चा कप्पा, पत्र इथे पडलं तर असं उचलून ‘प्रायमरी’त टाका, आणि माझा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये घाला. एका माणसामागे दहा मिनिटं जातात. पण ही माणसं एकदा वाचायला लागली की सोडत नाहीत.

तांत्रिक बाजू थोडक्यात. सुरुवातीला साधं जीमेल चालतं, सगळे पत्ते बीसीसीत टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणार नाही. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पाठवता येतं. पण शंभरीच्या पुढे गेलात की न्यूजलेटरची सेवा घ्या (यादीतल्या सगळ्यांना पत्र पाठवून देणारी वेबसाइट) आणि स्वतःचं डोमेन घ्या, म्हणजे ईमेलमध्ये @च्या पुढे येणारं स्वतःचं नाव. त्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन नोंदी कराव्या लागतात. पतपेढीत चेकवरची सही नमुन्याशी ताडून बघतात, तसंच हे. पत्र खरंच तुमच्याकडून आलंय का, हे समोरचा सर्व्हर यावरून तपासतो. फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झालेत. सेवेच्या मदतीच्या पानावर पायऱ्या दिलेल्या असतात, एका दुपारचं काम आहे.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट नक्की तपासावी. मजकूर साधारण १०२ केबीच्या वर गेला की जीमेल पत्र मध्येच कापतं आणि खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी ओळ दाखवतं. रोमन अक्षराला यूटीएफ-८मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात. वर आपण रंगीत पट्ट्या, चौकटी, बटणं लावली की त्यांचा कोड वाढत जातो. माझं वडाच्या झाडावरचं लांबलचक पत्र असंच कापलं गेलं, आणि ‘पत्र थांबवा’ची लिंक कापलेल्या भागात राहिली. ज्यांना थांबवायचं होतं त्यांना ती सापडली नाही, मग त्यांनी काय करावं? स्पॅम दाबलं. तेव्हापासून मी सजावट काढून टाकली. साधा मजकूर, दोन फोटो, आणि थांबवायची लिंक सहज दिसेल अशी. जाणाऱ्याला दार उघडं ठेवा, काही जण परत येतात.

पुढे पाठवण्याची विनंतीही मी तळातून वर आणली. दुसऱ्या परिच्छेदानंतर एक ओळ: “हे वाचून कोणाची आठवण झाली असेल तर त्यांना पाठवा. तुम्हाला कोणी पाठवलं असेल तर इथे नाव नोंदवा.” शिवाय लोक स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर टाकतातच. तो दहा ग्रुप फिरतो आणि तुमच्यापर्यंत परत यायची वाट मात्र त्यावर नसते. म्हणून प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात मी पत्राचं नाव आणि नोंदणीचा छोटा पत्ता लिहिते.

विषयाच्या ओळीत पहिल्या पाच-सहा शब्दांतच सगळं आलं पाहिजे, फोनवर पुढचं दिसत नाही. ‘अंक ३७’ कोणी उघडत नाही. ‘दादरला पिवळा सडा पडलाय तो कशाचा?’ उघडतात.

आकड्यांचं बघा. किती जणांनी पत्र उघडलं हे सेवा दाखवते, पण त्यावर विसंबू नका. २०२१पासून ॲपलच्या मेलमध्ये पत्रातली चित्रं वाचकानं न उघडताही आधीच मागवली जाऊ शकतात, त्यामुळे न वाचलेलं पत्रही वाचलेलं दिसतं. मी दोनच गोष्टी वहीत लिहिते: या आठवड्यात उत्तरं किती आली, आणि नवा वाचक कोणाकडून आला. ही दुसरी नोंद ठेवल्यावर कळलं की दहिसरच्या एका शिक्षिकेनं एकटीनं तीसेक वाचक आणलेत. त्यांना मी पत्र लिहून आभार मानले, आणि त्यांच्या शाळेच्या आवारातल्या झाडांवर एक अख्खं पत्र केलं.

सहा महिने ज्यांच्याकडून काहीच हालचाल नाही त्यांना मी विचारते, “पत्र चालू ठेवू ना?” उत्तर नाही आलं तर आणखी एकदा विचारून नाव काढते. पहिल्यांदा ९० नावं काढली तेव्हा हात थरथरला होता. पण यादीत जिवंत माणसं राहिली की पत्र नीट पोचतं.

मध्ये सुके महिनेही येतात. २०२३च्या एप्रिलमध्ये ११ आले आणि १४ गेले. मला रडू आलं होतं. त्या महिन्यातही पाच शनिवारी पाच पत्रं गेली, दुसरं काही मी केलं नाही. मे महिन्यात ताम्हण फुलला, राज्यपुष्प आपल्याच रस्त्यावर आहे हे लोकांना दाखवावंसं वाटलं, आणि २३ आले.

तुम्ही सुरू करणार असाल तर या आठवड्यात वही घेऊन पंचवीस नावं लिहा, आणि प्रत्येक नावासमोर तोच माणूस का आठवला ते एका ओळीत लिहा. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही ते नाव खोडा. माझी ती पहिली यादी अजून माझ्याकडे आहे. तेव्हा सहा जण नाही म्हणाले होते. त्यांतल्या एक समोरच्या काकू. गेल्या श्रावणात त्यांनी जिन्यात थांबवून विचारलं, “तुझं ते पत्र म्हणे माझ्या भाचीला येतं. मला का नाही पाठवत?”