पोकलेनचं तेल सांडलं, आता त्या मातीचं काय करायचं?

पोकलेनचा हायड्रॉलिक पाइप फुटतो आणि मुरमावर दहा-पंधरा लिटर तेल सांडतं. तासाभरात जागा साफही होते. घोळ त्यानंतर होतो. तेलाची माती गोणीत जाते, गोणी कंपाउंडच्या कडेला जाते, आणि मग ती कुणाचीच राहत नाही. एका साइटवर अशा नऊ गोण्या मी पाहिल्या होत्या. जूनच्या पहिल्याच पावसात त्या उसवल्या आणि मजुरांच्या खोल्यांपुढे साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग पसरला. पोरं त्याच पाण्यात खेळत होती.

तेल सांडलं की आधी मशीन बंद करा, बकेट जमिनीला टेकवा. गळक्या पाइपला हात लावू नका, दाबाखालचं तेल कातडी भेदून आत शिरतं. उताराच्या बाजूला मुरमाचा बांध घाला, गटाराचं तोंड बुजवा. पाणी अजिबात मारू नका, त्याने तेल नुसतं पुढे सरकतं.

खळग्यात साचलेलं तेल डब्याने उपसून वेगळ्या कॅनमध्ये भरा. हे भुसा टाकण्याआधीच करा, कारण माती-भुसा मिसळलेलं तेल रिसायकलरच्या फारसं कामाचं राहत नाही. मग कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरा, अर्धा तास मुरू द्या आणि फावड्याने घमेल्यात ओढा. काळपट ओल आणि वास जाईपर्यंत खरवडत राहा. मुरमात तेल वाटतं त्यापेक्षा खोल उतरतं.

आता कचरा. तेल, तेलकट माती-भुसा आणि चिंध्या-हातमोजे असे तीन भाग करा. गोणी नको, झाकणाचं बॅरल घ्या. 2016 च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेलं तेल आणि तेलकट चिंध्या घातक कचऱ्यात मोडतात. म्हणून बॅरलवर घातक कचऱ्याचं पिवळं लेबल लावा, त्यावर तारीख टाका आणि बॅरल छपराखाली, काँक्रीटवर, ट्रेमध्ये ठेवा. साठवणुकीची सर्वसाधारण मुदत 90 दिवसांची आहे. प्रत्येक बॅरल काट्यावर घालून वजन नोंदवहीत लिहा.

या दिवसांत कुणी ना कुणी ‘जळकं ऑइल’ मागायला येतोच, शटरिंगच्या प्लेटांना लावायला नाहीतर वाळवीसाठी. देऊ नका. भंगारवाल्यालाही नाही. माती भरावात ढकलायचा मोह तर मुकादमापासून इंजिनियरपर्यंत सगळ्यांना होतो. ती पुढे कुणाच्या तरी विहिरीपर्यंत पोचू शकते. मशीन भाड्याचं असेल तर हा कचरा कोण उचलणार, ते वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

तेल द्यायचं ते परवानाधारक रिसायकलरलाच. माती आणि चिंध्या सामायिक घातक कचरा केंद्राकडे, म्हणजे अनेकांचा घातक कचरा एकत्र घेऊन त्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राकडे पाठवा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे ती आहेत. आपल्या बांधकाम प्रकल्पाकडे घातक कचऱ्यासाठीचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र आहे ना, ते आधी तपासा. गाडीसोबत फॉर्म 10 चं मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुणाकडून कुणाकडे चाललाय त्याचा कागद, जातो. त्याची केंद्राच्या सहीची प्रत परत आली की नोंदवहीत त्याच बॅरलच्या पानाला टाचा. आठवडाभरात आली नाही, तर स्वतः फोन करा.