मोह वेळीच कसा ओळखायचा आणि पडलेल्या भावाला कसं उठवायचं

दर रविवारी उपासनेत आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो, त्यात 'परीक्षेत आणू नकोस' अशी विनंती आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द 'पेइरास्मोस' परीक्षा आणि मोह या दोन्ही अर्थांनी येतो. म्हणून आधी एक गोष्ट पक्की करा: मोह होणं हे पाप नव्हे. येशूची रानात परीक्षा झाली, तो सर्व प्रकारे पारखला गेला, तरी निष्पाप राहिला (इब्री 4:15). याकोब 1:14-15 मध्ये क्रमच दिलाय. आधी वासना ओढते, भुलवते, मग गर्भ धरते आणि तेव्हा पाप जन्मतं. हा क्रम माहीत नसलेला माणूस मनात नुसता विचार आला तरी 'आता काय, बुडालोच' म्हणतो आणि त्याच निराशेत पुढचं पाऊल टाकतो.

कोल्हापुरात पातळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. चिखली-आंबेवाडीकडं जनावरं बाहेर काढायची ती रस्ता पाण्याखाली जायच्या आधी. मोहातही 43 फुटांवर पोचून प्रार्थनेला बसण्यापेक्षा 39 ला उठून चालू लागावं. योसेफाला त्याच्या धन्याची, पोटीफरची, बायको भुलवत होती, तेव्हा तो तिच्याशी वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला.

आपली इशारा पातळी शोधायला 14 दिवस एक छोटी वही ठेवा. मन ओढलं गेलं, की घसरायची वाट न बघता चार गोष्टी लिहा: किती वाजता, कुठं, सोबत कोण होतं, आणि आधीचा तासभर काय चाललं होतं. पापाचं वर्णन मात्र लिहू नका, लिहिताना ते पुन्हा चघळलं जातं. समजा ऑनलाइन रमीच्या नादी लागलेल्याच्या वहीत असं आहे: 'रात्री 11.20, गच्चीवर, एकटा, आधी पैशावरून घरात वाजलं.' असंच तीनदा दिसलं तर त्याचे 39 फूट म्हणजे भांडणानंतर एकट्यानं गच्चीवर जाणं. बंदोबस्त तिथं करायचा. रात्री 10 ला मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, खेळाचं खातं बंद करायचं, यूपीआयची मर्यादा कमी करायची आणि वाजलं की फोन कुणाला करायचा तो माणूस आधीच ठरवून ठेवायचा.

वचन पाठ करा, पण आपल्या मोहाला लागू पडणारं. येशूनं तीन मोहांना तीन वेगळी वचनं दिली, तिन्ही जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातली (8:3, 6:16, 6:13). वचन सैतानानंही म्हटलं होतं, स्तोत्र 91 मधलं, त्यामुळं नुसत्या पाठांतरावर विसंबू नका. आणि थकलेल्या माणसाला उपवास सांगू नका. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून खाऊ घातलं (1 राजे 19).

आता दुसऱ्याकडं वळू. शुभवर्तमानात येशूला 'कळवळा आला' असं वाचतो, त्या ग्रीक क्रियापदाच्या मुळाशी आतडी आहेत. आपण 'आतडं तुटतं' म्हणतो, तेच. पण लूक 10 मधला शोमरोनी, म्हणजे शोमरोन भागातला प्रवासी, लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाला बघून नुसता कळवळला नाही. जवळ गेला, तेल-द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत रात्रभर सांभाळलं. दोन दिवसांच्या मजुरीइतके दोन दिनार त्यानं दिले ते उतारशाळेच्या मालकाला, आणि परत येतो म्हणून सांगितलं. दारूच्या किंवा जुगाराच्या नादातल्या माणसाच्या घराला मदत करताना हीच रीत धरा: रेशनचे पैसे दुकानात, फी शाळेत, त्याच्या हातात रोख नाही.

गलती 6:1 मध्ये पडलेल्याला 'ताळ्यावर आणा' म्हटलंय. तिथलंच क्रियापद मार्क 1:19 मध्ये जाळी नीट करण्यासाठी आलंय. जाळं दुरुस्त करणारा एकेक गाठ हातात घेतो, ओढाताण केली तर जाळं आणखी फाटतं. म्हणून पहिल्यांदा एकट्यानं जा (मत्तय 18:15). पुरुषाकडं पुरुषानं, बाईकडं बाईनं. उपासना सुटल्यावर गेटवर, चारचौघांत कधीच विषय काढू नका. आधी 'जेवलास का?' विचारा. मग 'का केलंस?' ऐवजी 'कधीपासून चाललंय?' विचारा, 'का' म्हटलं की माणूस बचाव करू लागतो. अर्ध्या तासात उठा, प्रार्थना दोन मिनिटांची करा आणि पुढच्या भेटीचा वार ठरवूनच निघा.

कित्येक घरं मोडतात ती प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली. 'त्याच्यासाठी प्रार्थना करा, काय झालंय माहितीय ना?' हे चहाडीच आहे. त्याची परवानगी नसेल तर सभेत 'एका कुटुंबासाठी' एवढंच म्हणा.

क्षमा लगेच करा, पण जबाबदारी सावकाश परत द्या. अर्पणाच्या पैशांत घोळ केलेल्याला प्रेमानं जवळ घ्या, पण पेटीची किल्ली देऊ नका. मोजणी कायम दोघांनी, दोघांच्या सह्यांनी.

दोन ठिकाणी मात्र नुसती प्रार्थनाभेट पुरत नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. सोडायच्या आधीच डॉक्टरकडं किंवा सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) न्या. घरात मारहाण असेल तर समेटाचं बोलू नका, आधी बाईला आणि मुलांना सुरक्षित जागी हलवा. पोलिसांसाठी 112, मुलांसाठी 1098.

तो पुन्हा घसरला असं कानावर आलं तरी ठरलेल्या वारीच जा. दार उघडलं नाही तर शेजाऱ्यांकडं चौकशी करू नका. दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवा: 'येऊन गेलो. पुढच्या मंगळवारी याच वेळेला येतो.'