जुन्या फळ्यांवर नवी लाकडी जमीन बसवताना

गिरगाव, भुलेश्वर, लालबाग या भागांतील जुन्या इमारतींत मजल्याचा भार सागवानी तुळयांवर असतो. तुळयांवर फळ्या ठोकलेल्या असतात आणि कित्येक घरांत फळ्यांवर चुन्याचा कोबा व शहाबादी फरशी असते. ज्या खोलीत फळ्या उघड्याच आहेत, तिथे त्यांच्यावर सागाची किंवा अन्य कठीण लाकडाची नवी पट्टी बसवता येते. जुनी जमीन उखडावी लागत नाही आणि वजनही फारसे वाढत नाही. २० मिलिमीटर जाडीचा साग दर चौरस मीटरला सुमारे १३ किलो भरतो. त्याऐवजी ५० मिलिमीटर सिमेंटचा थर घालून टाइल लावली, तर हाच आकडा १०० किलोंच्या वर जातो. खोली भाड्याची असल्यास घरमालकाची लेखी संमती मात्र आधीच घ्यावी.

खरे काम जुन्या जमिनीचे आहे. नव्या पट्ट्या ठोकणे हा त्यातला सोपा भाग होय. प्रत्येक फळी हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहावी. निरोगी सागाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा बसका. मोरीलगत आणि बाहेरच्या भिंतीत तुळईचे टोक शिरते तिथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे, कारण पाणी तिथेच मुरते. आमच्या घरी मोरीजवळची फळी वरून पॉलिश केल्यासारखी तुकतुकीत दिसत होती. पेचकस लावला तर तो अर्धा इंच विनातक्रार आत गेला आणि बाहेर काढला तेव्हा त्याला ओला तपकिरी भुसा चिकटला होता. अशी फळी बदलावी, पण गळती बंद केल्यानंतरच. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे, आणि बारीक भोकांखाली पिठासारखी भुकटी दिसली तर लाकूड पोखरणारा किडा. दोन्हींवर औषधफवारणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. दोष तुळईतच निघाला, तर ते काम सुताराच्या हातचे राहत नाही: स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे आणि इमारत उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी इमारत) असल्यास म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला कळवावे.

करकरणारी फळी आज करकरते ती नव्या जमिनीखालीही करकरणारच. जुन्या खिळ्यांची डोकी सरळ रांगेत दिसतात. त्या रांगेखाली तुळई असते. त्याच रांगेत ६५ मिलिमीटरचे स्क्रू घालून फळ्या घट्ट आवळाव्यात. वर आलेले खिळे ठोकून बसवावेत, उंचवटे रंध्याने काढावेत आणि दहा फुटी सरळ पट्टी टेकवून खाली पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहत नाही ना, ते पाहावे. हे ठोकाठोकीचे दिवस खालच्या बिऱ्हाडाला आधी सांगून ठेवावेत. फळ्यांच्या सांध्यांतून शंभर वर्षांची धूळ थेट त्यांच्या ताटात पडते.

आता हवेचा प्रश्न. मुंबईत पावसाळ्यात लाकूड फुगते आणि हिवाळ्यात आकसते. आडव्या चिरणीच्या (खोडाच्या वलयांना समांतर चिरलेल्या) सागाची ९० मिलिमीटर रुंद पट्टी, तिच्यातील ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंदावते. हे किरकोळ वाटते, पण दहा फुटी खोलीत अशा ३३ पट्ट्या बसतात, आणि फुगण्याला मोकळी जागा नसेल तर जमीन मध्येच उचलली जाते. म्हणून काम जून ते सप्टेंबरमध्ये काढू नये; दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. पट्ट्या दोन आठवडे त्याच खोलीत, मध्ये चिपा घालून, हवेशीर रचून ठेवाव्यात. मॉइश्चर मीटरने जुनी फळी व नवी पट्टी दोन्हींतला ओलावा मोजावा: अरुंद पट्ट्यांसाठी फरक चार टक्क्यांच्या आत हवा, तीन इंचांहून रुंद असतील तर दोनच्या आत. वखारवाला ‘माल सुका आहे’ असे सांगतो, पण मीटर त्याच्यासमोरच लावलेला बरा.

नव्या पट्ट्या जुन्या फळ्यांना काटकोनात घालाव्यात. खोलीच्या आकारामुळे त्याच दिशेने घालायच्या असतील, तर मध्ये १२ मिलिमीटरचा आयएस ७१० मानकाचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय हवा आणि त्याच्या तुकड्यांमध्ये तीन मिलिमीटर फट हवी. खाली डांबरी फेल्टचा कागद अंथरावा. प्लास्टिक मुळीच नको, कारण त्याखाली दमट हवा कोंडून जुन्या फळ्या कुजतात. जुन्या घरांच्या भिंती काटकोनात नसतात, त्यामुळे पहिली ओळ भिंतीवर विसंबून न लावता ताणलेल्या दोरीवर लावावी. भिंतीच्या बाजूने सगळीकडे १८ ते २० मिलिमीटर जागा सोडावी आणि काम संपेपर्यंत ती पाचरी घालून राखावी. पहिली व शेवटची ओळ वरून खिळावी. मधल्या पट्ट्यांचे खिळे जिभेतून (पट्टीच्या कडेची, शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणारी पातळ कड) तिरपे, आठ ते दहा इंचांवर मारावेत. हाताने ठोकत असाल तर आधी बारीक भोक पाडावे, नाहीतर जीभ फाटते. शेजारच्या ओळींतील टोकांचे सांधे किमान सहा इंच पुढेमागे असावेत.

जमीन वर चढल्यामुळे दार अडते. पट्टीचा एक तुकडा चौकटीला टेकवून, करवत त्यावर आडवी धरून चौकटीचा तळ कापला की पट्टी त्याखाली नेमकी सरकते. दार मात्र बिजागऱ्यांतून काढून खालून रंधावे लागते. गॅलरीकडच्या उंबऱ्याशी उरलेला उंचसखलपणा उतरत्या पट्टीने मोडून घ्यावा, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठेच लागणार नाही. शेवटी स्कर्टिंग भिंतीलाच खिळावे, जमिनीला नव्हे, म्हणजे पावसाळ्यात पट्ट्या त्याच्याखाली मोकळेपणी सरकतील.