अडकणारे जुने पिस्तूल: माझा अनुभव

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील काकांच्या एका परिचिताकडून मी .32 बोअरचे, आयुध निर्माणीत बनलेले वापरलेले पिस्तूल घेतले. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवल्यावर 45 दिवस थांबावे लागते, आणि तितके दिवस आम्ही थांबलो. घाई करणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेमबाजीच्या रेंजवर मात्र तिसऱ्या-चौथ्या गोळीला स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) अर्धवट पुढे येऊन अडकू लागली. मला आधी स्लाइड परत पुढे ढकलणाऱ्या रिकॉइल स्प्रिंगचाच संशय आला. सोबत मिळालेल्या दोन मॅगझिनांवर (गोळ्या भरण्याच्या पेट्यांवर) खुणा करून ती आळीपाळीने वापरली, तेव्हा दोष एकाच मॅगझिनबरोबर येतो, म्हणजे पिस्तूल निर्दोष आहे, हे उमगले. परवानाधारक दुरुस्तीकाराने त्या मॅगझिनच्या तोंडाच्या कडा फाकल्याचे दाखवले. त्यामुळे गोळी मॅगझिनमधून वेळेआधी निसटून तिरकी होत होती. (त्या कडा पकडीने स्वतः वाकवण्याचा मोह मी टाळला होता.) मॅगझिन बदलताच अडकणे थांबले.

सफाईपूर्वी मी मॅगझिन आधी काढतो आणि मगच स्लाइड ओढून चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) तपासतो, कारण हा क्रम उलटला तर चेंबरमध्ये नवी गोळी चढते.