पुण्याहून औंधच्या चित्रसंग्रहालयाला जाताना

सगळ्यात आधी पत्ता पूर्ण लिहून घ्या: औंध, तालुका खटाव, जिल्हा सातारा. मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘औंध’ टाकलं की तो पुणेकराला परिहार चौकात नेऊन सोडतो. त्यामुळे शोधताना ‘श्री भवानी संग्रहालय’ हे नाव टाका, आणि सोबत येणाऱ्या सगळ्यांना तोच ठिकाणा पाठवा. दोन गाड्या दोन औंधांकडे निघाल्या की सकाळ वाया जाते, आणि या सहलीत सकाळच महत्त्वाची आहे.

याचं कारण उजेड. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये यमाई देवीच्या डोंगरउतारावर हे संग्रहालय उभारलं. ते स्वतः चित्रकार होते. इथली चित्रं दिवसाच्या उजेडात पाहण्यात खरी मजा आहे. ऊन कलायला लागलं की गडद तैलरंगातले तपशील बुडतात; सावळ्या पार्श्वभूमीवरचे केस, पदराच्या चुण्या, कोपऱ्यातली भांडी काहीच धड दिसत नाही. म्हणून सकाळी दहा-साडेदहापर्यंत तिथे पोचायचं, असं धरून उलटा हिशोब मांडा. पुणे ते सातारा साधारण 110 किलोमीटर, पुढे रहिमतपूरमार्गे आणखी 40-45. नाश्त्याचा थांबा धरून चार तास ठेवा, म्हणजे सहाला घर सोडायचं. शनिवारी सकाळी महाबळेश्वरला जाणारी गर्दी सुरूर फाट्यापर्यंत तुमच्याच रस्त्यावर असते आणि रविवारी संध्याकाळी परतीला खंबाटकी ते खेड शिवापूर रांगा लागतात. जमलं तर मधला वार निवडा. फक्त सोमवार टाळा. राज्य सरकारची संग्रहालयं बहुधा सोमवारी आणि सार्वजनिक सुट्टीला बंद असतात. निघायच्या आदल्या दिवशी एक फोन करून वेळ, सुट्टी आणि कुठलं दालन दुरुस्तीसाठी बंद आहे का, हे तिन्ही विचारा. पौषातली यमाईची यात्रा आणि नवरात्र चित्रांसाठी सोयीचं नाही, गाव माणसांनी भरलेलं असतं.

एसटीने जाणाऱ्यांनी स्वारगेटहून सातारा विनाथांबा घ्यावी आणि साताऱ्याच्या स्थानकात उतरल्या उतरल्या औंधच्या गाडीची आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशीच्या खिडकीवर विचारून कागदावर लिहून ठेवावी. परतीची गाडी चुकली तर रहिमतपूरपर्यंत वडाप, म्हणजे शेअर जीप, मिळतं का, हे गावात दुपारीच बघून ठेवा, अंधार पडायची वाट पाहू नका.

आता घरी करायचा अभ्यास. हा भाग टाळू नका, कारण तयारीशिवाय गेलेला माणूस तासाभरात सगळी दालनं फिरून बाहेर येतो आणि त्याला एकही चित्र आठवत नाही. देवघरात किंवा नातेवाइकांकडे राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली जुनी लक्ष्मी-सरस्वती असेल तर ती उतरवा आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. हा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीला आला. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसतील. छपाई दगडावरून होई आणि प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, त्यामुळे कडेला एखादा रंग किंचित सरकलेलाही सापडतो. काही छापांवर वॉर्निश देऊन कॅनव्हासचा पोत उठवलेला असे, म्हणून हाताला ते तैलचित्रच वाटतं. डोळ्यांवर विश्वास ठेवा, बोटांवर नको. ही नजर घेऊन औंधला रविवर्म्यांच्या मूळ तैलचित्रांसमोर उभं राहिलात की फरक आपोआप कळतो: तिथे ठिपका नाही, कुंचल्याचा फटकारा आहे.

त्या चित्रांसमोर तीन अंतरांवरून उभे राहा. आधी दालनाच्या दुसऱ्या टोकाला, मग दोन-तीन पावलांवर, मग दोरी जिथवर जाऊ देते तिथवर. जवळून जरीचा काठ म्हणजे पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे चार जाडसर ठोकळे असतात. तीन पावलं मागे सरका, त्याच ठोकळ्यांची जर होते आणि चमकते. पृष्ठभागावर भेगांचं जाळं दिसेल. हवेतल्या ओलाव्याने कॅनव्हास ताणतो-आकसतो, पण जुना रंग कडक झालेला असतो, म्हणून तो तडकतो. म्हणूनच बोट लावायचं नाही. बोटावरचं तेल आणि घामातलं मीठ त्या भेगांत उतरतं.

कपडे गडद आणि साधे घाला. काचेच्या फ्रेममधली लघुचित्रं पाहताना पांढऱ्या सदऱ्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि चित्राऐवजी माणूस स्वतःलाच पाहतो. चकाकी आली तर चित्राच्या बाजूने तिरपे उभे राहा. चष्मा दूरचा आणि जवळचा असे दोन्ही घ्या, आणि उंचावर टांगलेल्या चित्रांसाठी जवळही फोकस होणारी छोटी दुर्बीण. फोटोची परवानगी तिकीट काढतानाच विचारा. परवानगी असली तरी फ्लॅश आणि मोबाइलचा टॉर्च बंदच ठेवा, कारण प्रकाशाने रंग विटतात आणि जलरंगाच्या लघुचित्रांना त्याची इजा जास्त. टिपणांसाठी 2बी पेन्सिल आणि हातात मावेल अशी वही पुरे. पेन, पाण्याची बाटली आणि पाठीवरची सॅक दालनात नेऊ नका. वळताना सॅकचाच धक्का लागतो.

सगळं बघायचा हट्ट सोडा. दहा कृती निवडा आणि प्रत्येकीला दहा मिनिटं द्या. त्यात रविवर्मा हवेतच, चित्रकार धुरंधर हवेत, आणि हेन्री मूर यांचं आई-मुलाचं शिल्प नक्की हवं. विसाव्या शतकातल्या या इंग्रज शिल्पकाराचं काम खटावसारख्या दुष्काळी तालुक्यात बघायला मिळणं ही आपल्याकडची फार मोठी ठेव आहे. त्याच्याभोवती जितकं फिरता येईल तितकं फिरा. समोरून पाहून निघालात तर शिल्प पाहिलंच नाही. युरोपीय चित्रांच्या प्रतिकृतीही इथे आहेत, तेव्हा पाटी वाचून मूळ कुठलं आणि प्रतिकृती कुठली हे मुलांना आधीच सांगा.

जेवण बांधून न्या: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, माणशी दोन लिटर पाणी. सुट्टे पैसे ठेवा, डोंगरावर नेटवर्क दगा देतं. वर मूळपीठाला, म्हणजे यमाईच्या डोंगरावरच्या देवळात, जायचं असेल तर चपला काढून चालायला मोजे घ्या. दुपारी फरशी पोळते. दर्शन संग्रहालयानंतर, ऊन कलल्यावर.

पुण्यात परतल्यावर एका सकाळी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जाऊन या. महाभारताची चिकित्सक आणि सचित्र आवृत्ती काढावी असं 1918 मध्ये सुचवून तिच्यासाठी एक लाख रुपये देऊ करणारे हेच बाळासाहेब. त्या आवृत्तीचे खंड तिथे बघायला मिळतील. वहीत केलेली टिपणं सोबत ठेवा.