रेकॉर्डिंग सेशनसाठी गिटार: तारांपासून फाईलपर्यंत

तारा सेशनच्या आदल्या दिवशी बदला, त्याच सकाळी नको. नव्या तारा काही तास ताणत राहतात आणि प्रत्येक टेकमध्ये (एका सलग रेकॉर्डिंगमध्ये) सूर थोडा उतरतो. मग १२व्या फ्रेटवरचा (मानेवरच्या आडव्या पट्टीवरचा) दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला सूर) ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला सूर चढा निघाला तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरता निघाला तर नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) दिशेने पुढे.

इलेक्ट्रिक वाजवताना अँपच्या (अँप्लिफायरच्या) जोडीने कोरा डीआय ट्रॅकही (अँपशिवाय थेट आलेला गिटारचा सिग्नल) घ्या. टोन नंतर आवडला नाही तर तोच सिग्नल पुन्हा अँपमधून काढता येतो; वाजवलेलं वाया जात नाही. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर, शिखरं (आवाजाची सर्वात उंच पातळी) उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल्स ठेवा. जास्त ठेवलात तर हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोहोचतो आणि हात नकळत ताल सोडतो.

अकूस्टिक ऱ्हिदम दुहेरी करायचा असेल तर पहिला टेक कॉपी करून दुसऱ्या बाजूला टाकू नका. दोन्ही सारखेच, त्यामुळे आवाज रुंद न होता मध्येच बसतो. पुन्हा वाजवा, आणि जमल्यास वेगळ्या जागी: ए स्वराचं गाणं एकदा कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर लावून जीच्या कॉर्ड-आकारांत, एकदा सातव्या फ्रेटवर लावून डीच्या आकारांत. हा फरक कुठल्याही इफेक्टपेक्षा जास्त कामाचा.

फाईली वेव्हमध्ये, सगळ्या गाण्याच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या द्या. नावात टेम्पो (गाण्याचा वेग) हवाच.